अम्लाची दाहकता आणि पाणी

अम्लाला आपल्याकडे अनेक नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात ते 'अम्ल' असते, दुकानात 'ॲसिड' होते आणि हिंदी-उर्दूच्या सहवासात वाढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी ते 'तेजाब' असते. तेजाब हा शब्द मूळ फारसी. त्यातील 'तेज' म्हणजे तिखट, धारदार आणि 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' आणि 'पंजाब' या शब्दांतील 'आब' तोच. युरोपातील जुन्या किमयागारांनी नत्राम्लाला लॅटिन भाषेत 'आक्वा फोर्तिस', म्हणजे बलवान पाणी, असे म्हटले आणि सोने विरघळविणाऱ्या मिश्रणास 'आक्वा रेजिया', म्हणजे राजजल, हे नाव दिले. पोर्तुगीज भाषेतही नत्राम्लाच्या जुन्या नावात 'आग्वा' म्हणजे पाणी आहे. जहाजांना गोडे पाणी पुरविणाऱ्या झऱ्यांमुळे गोव्यातील ज्या किल्ल्यास 'आग्वाद' हे नाव मिळाले, त्या नावातील 'आग्वा' हाच.

ही नावे ठेवणाऱ्यांनी केवळ त्या द्रवाचे पाण्यासारखे रूप पाहिले असावे. तथापि रसायनशास्त्राने पुढे जे सिद्ध केले ते पाहता ही नावे फारच समर्पक ठरली असे म्हणावे लागते. हायड्रोक्लोरिक अम्लासारख्या तीव्र अम्लाचा तिखटपणा त्याच्या एकट्याचा नसतो. पाण्याशी त्याची गाठ पडते तेव्हाच तो प्रकट होतो.

हे तत्त्व समजून घेणे केवळ विद्यार्थ्यांच्याच उपयोगाचे आहे असे नाही. शौचकूप स्वच्छ करण्याचे द्रव, वाहनांच्या व इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, सराफी, धातूंना मुलामा देण्याचे कारखाने, खतांचे आणि औषधांचे उद्योग या सर्व ठिकाणी तीव्र अम्लांचा नित्य संबंध येतो. 'पाण्यामुळे अम्ल दाहक होते' एवढेच अर्धे वाक्य ऐकून एखाद्याने भाजलेल्या हातावर पाणी ओतण्यास कचरावे, किंवा 'पाण्याने अम्ल सौम्य होते' हे दुसरे अर्धे वाक्य ऐकून गंधकाम्लाच्या बाटलीत पाणी ओतावे, तर दोन्ही वेळी अनर्थ ओढवेल. म्हणून ही दोन्ही वाक्ये एकत्र मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पाण्यावाचून अम्ल

किराणा दुकानात लिंबाचे सत्त्व म्हणून पांढरे स्फटिक मिळतात. ते सायट्रिक अम्ल होय. या स्फटिकांची कोरडी पूड आणि खाण्याचा सोडा कोरड्या वाटीत एकत्र मिसळून ठेवल्यास काहीही घडत नाही. त्यावर चमचाभर पाणी टाकताच मात्र सारी वाटी फसफसून वर येते. आम्लपित्तावर घ्यावयाच्या फसफसणाऱ्या पुड्यांमागील युक्ती हीच आहे. अम्ल आणि त्याचा विरोधक एकाच पुडीत शेजारी शेजारी महिनोन् महिने शांतपणे राहतात. त्यांना जागे करते ते पाणी. म्हणूनच अशी पुडी ओलाव्यापासून जपावी लागते.

हीच गोष्ट तीव्र अम्लाच्या बाबतीत प्रयोगशाळेत अधिक स्पष्टपणे दाखविता येते. हायड्रोजन क्लोराइड हा एक रंगहीन वायू आहे. तो पाण्यात विरघळला म्हणजे हायड्रोक्लोरिक अम्ल तयार होते. हा वायू पूर्णपणे कोरडा करून त्यात निळ्या लिटमसचा कोरडा कागद धरला तर त्याचा रंग बदलत नाही. तोच कागद पाण्याने ओला करून धरला की तत्काळ तांबडा होतो. हा वायू टोल्युइन या द्रवात विरघळविता येतो. परंतु त्या द्रावणातून विजेचा प्रवाह वाहत नाही आणि त्यात कोरडे लिटमस बुडविले तरी ते निळेच राहते. वायू तोच, रेणूही तेच; केवळ पाणी नसल्यामुळे त्यांच्या अंगी अम्लपणा दिसत नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. आपले डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसे सदैव ओली असतात. त्या ओलाव्यात हा वायू झटकन विरघळतो आणि तेथेच अम्ल तयार होते. एक लिटर पाणी साधारण तपमानास या वायूचे चारशे लिटरांहून अधिक आकारमान सामावून घेते, इतकी त्याला पाण्याची ओढ आहे. मनुष्याच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असल्याने, अम्लाला हवे असलेले पाणी आपण स्वतःच्या अंगात घेऊन वावरत असतो.

पाण्याचा रेणू काय करतो?

अम्लाच्या अम्लपणाचे कारण शोधण्यात शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने प्राणवायू हेच अम्लत्वाचे मूळ मानले. त्या वायूस त्याने दिलेल्या 'ऑक्सिजन' या नावाचा अर्थच मुळी 'अम्लजनक' असा आहे. परंतु १८१० साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही याने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवून दिले आणि त्याबरोबरच हायड्रोक्लोरिक अम्लात प्राणवायूचा अंशही नाही हे स्पष्ट झाले. अम्लत्वाचा धागा प्राणवायूकडून हायड्रोजनकडे वळला.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठास १८८४ साली स्वांते आऱ्हेनियस या तरुणाने एक प्रबंध सादर केला. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांतून वीज कशी वाहते हा त्याचा विषय होता. त्या विचारातून, अम्ले पाण्यात विरघळली की त्यांचे विद्युत्भारित कण म्हणजेच आयन सुटे होतात, ही उपपत्ती आकाराला आली. परीक्षकांना प्रबंध फारसा रुचला नाही व त्यास कनिष्ठ श्रेणी मिळाली. पुढे १९०३ साली याच कार्याबद्दल आऱ्हेनियस यास रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९२३ साली डेन्मार्कचा ब्रन्स्टेड आणि इंग्लंडचा लोरी यांनी स्वतंत्रपणे विचार करून या उपपत्तीत मोलाची भर घातली. अम्ल नुसते फुटत नाही, तर ते आपला हायड्रोजन आयन दुसऱ्या कोणास तरी देते, असे त्यांनी सांगितले. देणारा आहे तेथे घेणारा हवा. हा घेणारा म्हणजेच बहुतेक वेळा पाणी.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्यातील ऑक्सिजनकडील बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील बाजू किंचित धन विद्युत्भाराची असते. हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूतही हायड्रोजनची बाजू धन आणि क्लोरीनची बाजू ऋण असते. असा रेणू पाण्यात उतरला की त्याच्याभोवती रस्सीखेच सुरू होते. पाण्याच्या एका रेणूचा ऑक्सिजन त्याच्या हायड्रोजनला आपल्याकडे ओढतो, तर इतर रेणू क्लोरीनला वेढा घालतात. अखेरीस हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनपाशी सोडून पाण्याच्या रेणूस जाऊन चिकटतो. यातून जो धनभारित कण निर्माण होतो त्यास हायड्रोनियम आयन असे म्हणतात.

अम्लाचा रेणू तोडण्यास पुष्कळ ऊर्जा लागते. ती येते कोठून, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. सुट्या झालेल्या आयनांना पाण्याचे रेणू चहूबाजूंनी घट्ट वेढतात, तेव्हा त्याहूनही अधिक ऊर्जा बाहेर पडते. हा व्यवहार नफ्याचा असल्यामुळे तो आपोआप घडतो आणि उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. टोल्युइनच्या रेणूंस आयनांना असे वेढून धरण्याची ताकद नसते. म्हणून तेथे अम्लाचा रेणू अखंड राहतो.

हा हायड्रोनियम आयन हाच अम्लाच्या सर्व परिचित गुणांचा धनी होय. आंबट चव त्याचीच, लिटमस तांबडे करणारा तोच, आणि लोखंड वा फरशी खाणाराही मुख्यतः तोच.

चार शब्दांचा घोटाळा

व्यवहारात 'तीव्र' आणि 'संहत' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्राच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. संहत म्हणजे दाट, ज्यात पाणी कमी आणि अम्ल अधिक आहे असे. त्याच्या उलट ते विरल. 'तीव्र' आणि 'सौम्य' हे शब्द मात्र अम्लाच्या स्वभावाचे आहेत. जे अम्ल पाण्यात जवळजवळ संपूर्णपणे आयनांत विभागले जाते ते तीव्र. हायड्रोक्लोरिक, गंधकाम्ल आणि नत्राम्ल ही या वर्गातील होत. ज्याचे थोडेच रेणू विभागले जातात ते सौम्य. व्हिनेगरमधील ॲसेटिक अम्लाचे विरल द्रावण घेतले, तर त्यातील दर हजार रेणूंपैकी जेमतेम तेरा-चौदा रेणू हायड्रोजन देऊन मोकळे होतात. बाकीचे अखंड राहतात. तेवढ्याच प्रमाणातील हायड्रोक्लोरिक अम्लाचे जवळजवळ हजारच्या हजार रेणू विभागलेले असतात. लोणच्यात घातलेले व्हिनेगर आपण खातो आणि शौचकूपाच्या अम्लाला हात लावीत नाही, याचे एक प्रमुख कारण हे आहे.

द्रावणात हायड्रोनियम आयन किती आहेत हे दर्शविण्यासाठी 'सामू' हे माप वापरतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन याने ते १९०९ साली सुचविले. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि अम्लता वाढत जाते तसा सामू कमी होत जातो. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, सामू एका अंकाने कमी झाला म्हणजे हायड्रोनियमचे प्रमाण दहा पटींनी वाढते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. आपल्या जठरातील रसाचा सामू त्याहूनही कमी असू शकतो आणि त्यातील अम्ल हायड्रोक्लोरिकच असते. जठराच्या आतील बुळबुळीत अस्तर सतत नवे होत राहते म्हणून जठर सुरक्षित राहते. अन्ननलिकेस तसे संरक्षण नाही. त्यामुळे तोच रस घशाशी आला की छातीत जळजळ होते.

मात्र केवळ तीव्रता म्हणजे दाहकता असे समजणेही बरोबर नाही. हायड्रोफ्लुओरिक अम्ल सौम्य अम्लांत मोडते, तरी ते काच खाते आणि त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. अम्लाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा, म्हणजे ऋण आयनाचाही, त्याच्या कार्यात वाटा असतो. सराफांना हे चांगले ठाऊक आहे. नत्राम्लात चांदी विरघळते पण सोने विरघळत नाही. म्हणून सोन्यातील चांदी वेगळी काढण्यास ते वापरतात. सोने विरघळवावयाचे तर तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नत्राम्ल यांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज, लागते. त्यात नत्राम्ल सोन्याचे इलेक्ट्रॉन काढून घेते आणि क्लोराइड आयन त्या सोन्याला धरून द्रावणात ठेवतात. एकट्या अम्लास जे साधत नाही ते दोघांस साधते.

अम्ल खाते म्हणजे काय?

लोखंडाचा तुकडा विरल अम्लात टाकला असता त्याच्या पृष्ठभागावरून बुडबुडे निघू लागतात. हायड्रोनियम आयन लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतात, त्यांचे हायड्रोजन वायूत रूपांतर होते आणि इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड आयनरूपाने द्रावणात उतरते. पाणी येथे दुसरेही काम करते. झालेले लवण ते विरघळवून दूर नेते आणि अम्लास पुढचा कोरा पृष्ठभाग मोकळा करून देते.

शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरातील कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यावर अम्ल सांडले तर फसफस होऊन कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि दगडाची झिलई जाते. कडप्प्याच्या ओट्यावर कापलेले लिंबू रात्रभर राहिले की सकाळी जो पांढुरका डाग दिसतो तो याच क्रियेचा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमसुलाचे सार कळकते, त्याचेही मूळ येथेच आहे. हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातील अम्ल तांब्याचा अंश विरघळविते व तो अन्नात उतरतो. कथलाचा पातळ थर मध्ये घालून आपल्या कल्हईवाल्यांनी यावर पिढ्यान् पिढ्या तोडगा काढलेला आहे.

त्वचेवर आणि डोळ्यांवर अम्लाची क्रिया होते ती प्रथिनांवर. दुधात लिंबू पिळले की दूध नासते, कारण अम्लामुळे दुधातील प्रथिनांची मूळ रचना मोडते व ती एकत्र साकळतात. शरीरातील पेशींच्या प्रथिनांचेही तसेच होते, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. डोळ्याचे बुबुळावरील पारदर्शक पटल अशा रीतीने साकळले तर ते अंड्याच्या शिजलेल्या पांढऱ्या भागासारखे अपारदर्शक होते. नष्ट झालेली दृष्टी परत मिळणे मग फार कठीण असते.

लोखंडी टाकीतील गंधकाम्ल

रस्त्याने गंधकाम्ल वाहून नेणारे टँकर साध्या पोलादाचे असतात हे ऐकून अनेकांस आश्चर्य वाटेल. बॅटरीतील पातळ गंधकाम्ल लोखंड खाते, मग अठ्ठ्याण्णव टक्के गंधकाम्ल टाकी कशी खात नाही? उत्तर पुन्हा पाण्यातच आहे. अशा संहत अम्लात आयनीभवनास पुरेसे मोकळे पाणीच नसते. शिवाय लोखंडाशी प्रथम जी किंचित क्रिया होते तिच्यामुळे लोह सल्फेटाचा थर तयार होतो. तो त्या संहत अम्लात फारसा विरघळत नाही आणि धातूवर चिलखतासारखा बसून राहतो. संहत नत्राम्लासाठी ॲल्युमिनियमच्या टाक्या वापरता येतात, त्याही अशाच एका संरक्षक थराच्या बळावर.

धोका उद्भवतो तो टाकी रिकामी झाल्यावर. तळाशी राहिलेले अम्ल हवेतील बाष्प शोषून घेते किंवा कोणी टाकीत पाणी सोडून ती अर्धवट धुतो. अम्ल विरल होते, थर विरघळतो, लोखंडावर क्रिया सुरू होते आणि टाकीत हायड्रोजन वायू साठू लागतो. हवेत चार टक्के हायड्रोजन असला तरी ते मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते. अशा टाकीवर वेल्डिंग केल्यास भीषण स्फोट होतो. भरलेल्या टाकीहून 'रिकामी' टाकी अधिक घातक ठरू शकते, हे कारखान्यांतील कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी कधीही विसरता कामा नये. टाकी पूर्णपणे धुऊन, हवा खेळवून आणि आतील वायूची चाचणी घेऊन मगच दुरुस्तीस हात घालावा.

अम्ल पाण्यात, पाणी अम्लात नव्हे

संहत गंधकाम्लास पाण्याची विलक्षण ओढ असते. साखरेवर ते ओतल्यास साखरेच्या रेणूंतील हायड्रोजन व ऑक्सिजन ते पाण्याच्या रूपाने काढून घेते आणि मागे काळा कोळसा उरतो. कापूस, लाकूड आणि कातडी यांचीही तीच गत होते. विरल गंधकाम्लाचे थेंब कपड्यावर उडाले तर प्रथम काही दिसत नाही. परंतु पाणी सुकून जाते तसे मागे राहिलेले अम्ल संहत होत जाते आणि कापडास भोके पडतात. बॅटरीची देखभाल करणाऱ्यांच्या कपड्यांवर ही खूण हमखास आढळते.

पाणी आणि गंधकाम्ल एकत्र आले की फार मोठी उष्णता निर्माण होते. संहत गंधकाम्ल पाण्याच्या १.८४ पट जड असते. म्हणून अम्लावर पाणी ओतल्यास ते वरच तरंगते, दोहोंच्या सीमेवर तत्काळ उकळते आणि त्या वाफेबरोबर अम्लाचे तुषार तोंडावर उडतात. उलट भरपूर पाण्यात थोडे थोडे अम्ल ढवळत घातले तर ते खाली उतरते आणि उष्णता साऱ्या पाण्यात विभागली जाते. म्हणून नियम असा की, अम्ल पाण्यात ओतावे. पाणी अम्लात कदापि ओतू नये. बॅटरीतील द्रवाची पातळी कमी झाल्यास तीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, कारण कमी झालेले असते ते पाणी. तेथील गंधकाम्ल आधीच विरल असल्याने त्या पाण्याने वरील प्रकारचा उद्रेक होत नाही.

अंगावर अम्ल उडाल्यास

आता आरंभी उपस्थित केलेल्या शंकेकडे वळू. पाण्यामुळे अम्ल दाहक होते, तर मग जखमेवर पाणी ओतावे की नाही? निःसंशय ओतावे, आणि क्षणाचाही विलंब न लावता ओतावे. अम्लास दाहक होण्यापुरते पाणी त्याच्या द्रावणात आणि आपल्या त्वचेत आधीच असते. तीव्र अम्लाच्या द्रावणातील बहुतेक रेणू विभागून गेलेले असतात. आणखी पाणी घातल्याने हायड्रोनियमची एकूण संख्या विशेष वाढत नाही, ते केवळ अधिकाधिक पाण्यात पांगतात आणि वाहून जातात. पहिले थोडे पाणी अम्लास दात देते. पुढचे पुष्कळ पाणी ते बोथट करते.

मात्र 'पुष्कळ' या शब्दावर भर द्यावयास हवा. सामू १ असलेले चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, द्रावण सामू ४ वर आणण्यास ५ लिटर पाणी लागते. सामू ० असेल तर त्यासाठी ५० लिटर हवे. यावरून पेलाभर पाणी शिंपडणे किंवा ओल्या फडक्याने पुसणे का पुरत नाही हे ध्यानात येईल. संहत गंधकाम्लाच्या बाबतीत तर अपुऱ्या पाण्याने उष्णताच वाढते. भरपूर वाहते पाणी ती उष्णताही आपल्याबरोबर घेऊन जाते.

यास्तव पुढील सूचना प्रत्येक घरात व कारखान्यात ठाऊक असाव्यात. अम्ल उडालेली जागा नळाखाली किंवा बादलीमागून बादली ओतून निदान वीस मिनिटे सतत धुवावी. अम्लाने भिजलेले कपडे व दागिने धुता धुताच काढून टाकावेत. डोळ्यात गेले असल्यास पापण्या उघड्या धरून नाकाकडून कानाकडे पाणी वाहू द्यावे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यास इजा होणार नाही. जखमेवर सोडा, चुना, हळद, तूप वा टूथपेस्ट लावू नये. सोड्याने अम्ल मरते हे खरे; परंतु त्या क्रियेतही उष्णता निर्माण होते आणि धुण्याचा अमूल्य वेळ वाया जातो. अम्ल पोटात गेले असल्यास ओकारी काढू नये, कारण तेच अम्ल अन्ननलिकेस पुन्हा भाजत वर येते. अशा रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि बाटलीवरील नावाची चिठ्ठी बरोबर घ्यावी.

घरातील साठवण आणि कायदा

पेयाच्या जुन्या बाटलीत अम्ल भरून ठेवणे ही आपल्या घरांतील एक घातक सवय आहे. ते मूळ बाटलीत, नाव लिहिलेले, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. शौचकूपाचे अम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो.

अम्ल हे शस्त्र म्हणूनही वापरले जाते, ही लाजिरवाणी वस्तुस्थिती आहे. लक्ष्मी विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी अम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता व विकलेले प्रमाण यांची नोंदवही ठेवावी, शासनाने दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण विचारावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस अम्ल विकू नये, असा तो आदेश आहे. त्याचा भंग करणाऱ्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ अन्वये अम्लहल्ल्याने गंभीर इजा करणाऱ्यास किमान दहा वर्षांचा कारावास असून तो जन्मठेपेपर्यंत वाढू शकतो. अशा हल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्तीवर सरकारी व खाजगी अशा सर्व रुग्णालयांनी विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. पैशाअभावी कोणासही दारातून परत पाठविता येत नाही, हे जखमींच्या नातेवाइकांनी अवश्य लक्षात ठेवावे.

अम्लांवाचून आजचे जीवन चालणार नाही. शेतीची खते, वाहनांच्या बॅटऱ्या, औषधे आणि धातू या सर्वांच्या मागे ती उभी आहेत. त्यांची भीती बाळगण्यापेक्षा त्यांचा स्वभाव ओळखून वागणे श्रेयस्कर होय. जेथे अम्लाचे काम चालते तेथे हाताशी नळ, निदान पाण्याने भरलेले पिंप, असलेच पाहिजे. दुर्घटना घडल्यावर पाणी शोधण्यात गेलेला प्रत्येक क्षण अम्लाच्या पदरात पडतो.